करवकिलाला व्यवहाराच्या बैठकीत केव्हा बोलावतात? नव्या फर्ममध्ये रुजू होण्याआधी सल्ला हवा आहे

सप्तपर्णी

नमस्कार. या विभागात वकील, सीए आणि कंपन्यांच्या विधी विभागात काम करणारे बरेच सभासद आहेत, म्हणून हा प्रश्न इथे मांडते आहे.

गेली बारा वर्षे मी मुंबईतील एका मोठ्या फर्मच्या कर विभागात काम करते आहे. पहिली चार वर्षे प्राप्तिकर अपीलीय न्यायाधिकरणातली प्रकरणे आणि त्यातून उच्च न्यायालयात जाणारी कलम २६०अ खालची अपिले यांत गेली. त्यानंतर हळूहळू विलीनीकरण, कंपनीचे विभाजन, शेअर खरेदी अशा व्यवहारांच्या करविषयक बाजूकडे वळले. आता पुण्यातील एका फर्मने मला भागीदार म्हणून येण्याचे सुचवले आहे. तिथे आठ भागीदार आहेत आणि सगळे कंपनी कायद्यातले आहेत. पिंपरी-चिंचवड, चाकण, रांजणगाव पट्ट्यातील कारखानदार कुटुंबे आणि तिथल्या परदेशी कंपन्यांच्या उपकंपन्या हे त्यांचे मुख्य अशील आहेत. कर विभाग त्यांच्याकडे आजवर नव्हता. करविषयक मत लागले की ते बाहेरून मागवत. तो विभाग मी उभा करावा अशी त्यांची इच्छा आहे.

हे काम मला मनापासून करावेसे वाटते. पुण्यातल्या कारखानदार कुटुंबांत आता दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या वाटण्या होत आहेत. दोन भावांचा एकत्र कारखाना दोन कंपन्यांत विभागायचा, तर कंपनी कायद्याची कलमे २३० ते २३२ आणि १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याचे कलम २(१९अअ) ही दोन्ही एकाच वेळी समोर ठेवावी लागतात. शेअरमूल्याच्या किमान तीन चतुर्थांश भागाचे धारक नव्या कंपनीचे भागधारक झाले पाहिजेत, उपक्रमाची मालमत्ता आणि देणी पुस्तकी मूल्याने गेली पाहिजेत, आणि उपक्रम चालू स्थितीत गेला पाहिजे. यातली एक अट सुटली तर विभाजन राहत नाही, तो करपात्र व्यवहार होतो. विभाजनाच्या योजनेची नोटीस प्राप्तिकर खात्यालाही द्यावी लागते आणि खात्याला ३० दिवसांत आपले म्हणणे मांडता येते. त्यामुळे कंपनीचा वकील आणि कराचा वकील अशी विभागणी अशा कामात मला कृत्रिम वाटते, आणि हे दोन्ही एकत्र करणारी फर्म पुण्यात उभी राहावी असे मला खरोखर वाटते.

माझी मुख्य शंका ही आहे. सध्याच्या फर्ममध्ये मला अनेकदा असा अनुभव आला की व्यवहाराचा आराखडा, किंमत आणि तारखा ठरून जातात आणि सह्यांच्या दोन दिवस आधी मसुदा माझ्याकडे येतो, सोबत 'कराच्या दृष्टीने एकदा पाहून घ्या' एवढाच निरोप असतो. नव्या ठिकाणी तेच होणार असेल तर मी फक्त गाव बदलले असे होईल. रुजू होण्याआधी हे कसे ताडून पाहावे? आणि भागीदारीच्या करारनाम्यात नेमके काय वाचावे? दुसऱ्यांचे करारनामे मी रोज वाचते, स्वतःचा प्रथमच वाचणार आहे.

कोर्टनाका

सप्तपर्णी, अभिनंदन. मी सॉलिसिटर आहे आणि गेली चाळीस वर्षे मुंबईच्या फोर्ट भागात वकिली करतो. या काळात भागीदार येताना आणि जाताना पुष्कळ पाहिले. तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर कायद्यात लिहिलेले आहे.

पहिली गोष्ट म्हणजे ही फर्म १९३२ च्या भागीदारी कायद्याखालची आहे की २००८ च्या कायद्याखालची मर्यादित दायित्व भागीदारी आहे, हे विचारा. साध्या भागीदारीत कलम २५ नुसार प्रत्येक भागीदार फर्मच्या देण्यांना इतरांसह आणि एकट्यानेही जबाबदार असतो. शेजारच्या खोलीतल्या भागीदाराने दिलेल्या चुकीच्या मताचा दावा तुमच्या राहत्या घरापर्यंत येऊ शकतो. तुम्ही येण्यापूर्वीच्या कृत्यांची जबाबदारी कलम ३१ मुळे आपोआप तुमच्यावर येत नाही. पण करारनाम्यात 'फर्मच्या सर्व विद्यमान देण्यांसह' असे शब्द असतील, तर ती तुम्ही स्वतःहून अंगावर घेतली असा अर्थ काढला जाऊ शकतो. मर्यादित दायित्व भागीदारीत दुसऱ्याच्या चुकीसाठी तुम्ही व्यक्तिशः बांधल्या जात नाही, स्वतःच्या चुकीसाठी मात्र राहता. करविषयक मत देणाऱ्या वकिलाच्या एका मतावर कोट्यवधींचा व्यवहार उभा असतो, म्हणून हा फरक तुमच्यासाठी इतरांहून अधिक महत्त्वाचा आहे. फर्मने व्यावसायिक दायित्वाचा विमा घेतला आहे का, आणि त्यात करविषयक मते वगळलेली नाहीत ना, हेही विचारून घ्या.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. अनेक फर्ममध्ये कार्डावर 'भागीदार' असे छापतात, संकेतस्थळावर तसे लिहितात, पण करारनाम्यात त्या व्यक्तीचे नावच नसते आणि तिला ठरावीक रक्कम दिली जाते. कलम २८ सांगते की ज्याने स्वतःला भागीदार म्हणून दाखवले किंवा जाणूनबुजून दाखवू दिले, तो त्या विश्वासावर फर्मला उधार देणाऱ्याला भागीदारासारखाच जबाबदार असतो. म्हणजे नफ्यात वाटा नाही, निर्णयात मत नाही आणि जबाबदारी मात्र आहे. माझ्या ओळखीच्या दोन हुशार तरुण वकिलांनी हे वाचले नव्हते आणि फर्म मोडली तेव्हा त्यांना फार मनस्ताप झाला. तुमचे नाव करारनाम्यात असेल, भांडवली खाते असेल आणि हिशेब पाहण्याचा अधिकार असेल, तरच 'भागीदार' हा शब्द वापरू द्या.

तिसरी गोष्ट बाहेर पडण्याची. आत जातानाच बाहेर पडण्याचे कलम नीट वाचावे, यात अविश्वास दाखवण्यासारखे काही नाही. निवृत्त भागीदार जाहीर नोटीस निघेपर्यंत त्रयस्थांना जबाबदार राहतो. त्याचा हिशेब चुकता न करता उरलेले भागीदार व्यवसाय चालवत राहिले, तर करारनाम्यात वेगळे काही ठरलेले नसल्यास कलम ३७ नुसार त्याला नंतरच्या नफ्यातला त्याच्या भागाचा वाटा किंवा ६ टक्के व्याज यांपैकी एक मागता येते. तुमच्या करारनाम्यात हा हक्क सोडून दिलेला आहे का, ते पाहा. बऱ्याच करारनाम्यांत एका ओळीत तो सोडलेला असतो.

देवराई

मी वकिलांच्या समोरच्या खुर्चीत बसते, म्हणजे चाकणच्या एका कंपनीच्या विधी विभागाची प्रमुख आहे. सप्तपर्णीताईंची मुख्य शंका वाचून राहवले नाही.

काही वर्षांपूर्वी, मी तेव्हा दुसऱ्या कंपनीत होते, आम्ही एक सुटे भाग बनवणारी खाजगी कंपनी विकत घेतली. तिच्या पुस्तकात मागील वर्षांचा मोठा व्यावसायिक तोटा होता. आमच्या वित्त विभागाने तो तोटा पुढे ओढून कर वाचेल असे गृहीत धरले आणि विक्रेत्याला त्याची किंमत मोजायचे कबूल केले. टर्म शीटवर, म्हणजे व्यवहाराच्या मुख्य अटींच्या प्राथमिक कागदावर, सह्या झाल्या. कंपनी कायद्याच्या वकिलांनी शेअर खरेदीचा करार अतिशय नेटका केला होता. सहीच्या आदल्या संध्याकाळी त्याच फर्ममधल्या कराच्या वकिलांना मसुदा गेला आणि रात्री साडेदहाला त्यांचा मला फोन आला. त्यांनी प्राप्तिकर कायद्याचे कलम ७९ समजावून सांगितले. जनतेचा लक्षणीय सहभाग नसलेल्या कंपनीत, तोटा झालेल्या वर्षाच्या अखेरीस ज्यांच्याकडे शेअर होते त्यांच्याकडेच ५१ टक्के मतदानाचा हक्क राहिला नाही, तर जुना तोटा वजा करता येत नाही. आम्ही तर सगळेच्या सगळे शेअर घेत होतो. ज्या तोट्याची किंमत मोजत होतो तो सहीबरोबरच संपणार होता. शिल्लक घसारा, म्हणजे यंत्रांच्या झिजेपोटी अजून वजा न झालेली रक्कम, तेवढा वाचत होता, कारण त्याला ते कलम लागत नाही.

त्या फोनबद्दल मी त्या वकिलांची आजही ऋणी आहे. पण तो फोन सहा आठवडे आधी यायला हवा होता. दुसऱ्या दिवशी विक्रेत्याला किंमत कमी करायला सांगताना आमच्या संचालकांची जी अवस्था झाली ती मी जवळून पाहिली. विक्रेता वयस्कर गृहस्थ होता, त्याला वाटले की आम्ही शेवटच्या क्षणी त्याची अडवणूक करतो आहोत. व्यवहार झाला, पण त्याने नंतर आमच्याशी कधी मोकळेपणाने बोलणे ठेवले नाही.

त्यामुळे ताडून पाहायचे असेल तर माझा सल्ला असा: नव्या भागीदारांना त्यांच्या अलीकडच्या तीन व्यवहारांबद्दल विचारा. अशिलाचे नाव नको, तपशील नको, फक्त करविषयक मत कोणत्या टप्प्यावर मागवले एवढेच विचारा. टर्म शीटच्या आधी, ड्यू डिलिजन्सच्या (कंपनीच्या कागदपत्रांच्या तपासणीच्या) वेळी की मसुदा तयार झाल्यावर? आणि ते मत आल्यावर व्यवहारात काही बदलले का? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल, तर मत केवळ फायलीला जोडण्यासाठी घेतले होते असे समजावे. आणखी एक. करविषयक भरपाईचे कलम तिथे कोण लिहितो? विक्रीपूर्वीच्या वर्षांची करआकारणी निघाली तर खात्यापुढे लढायचे कोणी, तडजोड करायची कोणी, पैसे भरायचे केव्हा, हे सारे त्या एका कलमात असते. ते कराच्या वकिलाने लिहिले आहे की जुन्या करारातून उचलले आहे, हे मला आता वाचताच कळते.

सप्तपर्णी

कोर्टनाका, कलम २८ चा मुद्दा मी तुमचा प्रतिसाद वाचल्यावरच प्रस्तावाच्या पत्रात तपासला. पत्रात 'भागीदार' हा शब्द आहे, पण करारनाम्यात नाव येण्याचा उल्लेख एक वर्षानंतरचा आहे. मी यावर बोलणार आहे. देवराई, तीन व्यवहारांचा प्रश्न मी जसाच्या तसा विचारणार आहे.

आणखी एक गोष्ट मला छळते आहे. माझ्या सध्याच्या फर्मच्या काही अशिलांशी माझा थेट आणि जुना संबंध आहे. त्यांपैकी दोघांनी स्वतःहून विचारले की तुम्ही जाल तिथे आम्ही येऊ का. मी अद्याप काहीच उत्तर दिलेले नाही. कागदपत्रांचे, मतांचे, माझ्याच हातच्या टिपणांचे काय करावे?

भरतीओहोटी

मी सहा वर्षांपूर्वी एका फर्ममधून दुसरीकडे गेलो. तेव्हा केलेली एक चूक सांगतो, म्हणजे तुम्ही ती करणार नाही.

निघताना मी माझ्या मतांचे मसुदे, संशोधनाची टिपणे आणि तक्ते पेन ड्राइव्हवर घेतले. माझी समजूत अशी की लिहिले मी, म्हणून ते माझे. कोणाचे नुकसान करायचा विचार मनात नव्हता. पण त्या मसुद्यांत अशिलांची नावे, ताळेबंद आणि व्यवहाराच्या किमती होत्या. जुन्या फर्मने पत्र पाठवले, मी सर्व परत केले आणि पुसून टाकले, लेखी हमी दिली. प्रकरण तिथेच मिटले, परंतु ज्या वरिष्ठांनी मला काम शिकवले त्यांच्याशी असलेला संबंध पूर्वीसारखा राहिला नाही. त्याची खंत मला आजही आहे. चूक माझीच होती.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. अशिलाने वकिलाला सांगितलेली गोष्ट उघड न करण्याचे बंधन पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम १२६ मध्ये होते, आता १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे, आणि काम संपल्यावरही ते चालू राहते असे तिथे स्पष्टीकरणातच म्हटले आहे. डोक्यातले ज्ञान तुमच्याबरोबर येते, गुपितही येते, कागद मात्र येत नाही. फाइल तर फर्मचीही नसते, ती अशिलाची असते. आर. डी. सक्सेना यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितले की फी थकली म्हणून वकिलाला अशिलाची कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत. त्यामुळे अशिलाने ठरवले तर तो आपली फाइल घेऊन कुठेही जाऊ शकतो. पण ते त्याने ठरवायचे, आणि तसे पत्र त्याने जुन्या फर्मला लिहायचे. न्यायाधिकरणात वकालतनामा दाखल असेल, तर बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे आधीच्या वकिलाची संमती घेऊनच नवा वकालतनामा दाखल करावा. संमती मिळाली नाही तर कारण सांगून परवानगी मागावी लागते.

अशिलांना बोलावण्याबाबत एक बारकावा आहे आणि तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. करार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे काम सोडल्यानंतर व्यवसाय करू नये असे बंधन निरर्थक ठरते. आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली हेच सांगितले. त्याच्या जाहिरातींचे काम पाहणाऱ्या कंपनीशी असलेला करार संपला होता आणि पुढचा करार दुसऱ्याशी करण्याआधी तिला विचारण्याचे बंधन त्याच्यावर लादता आले नाही. त्यामुळे सल्लागार म्हणून काम करणाऱ्या वकिलांना वाटते की आपण पूर्ण मोकळे आहोत. पण भागीदार झाल्यावर चित्र बदलते. भागीदारी कायद्याचे कलम ३६ जाणाऱ्या भागीदाराला स्पर्धेचा व्यवसाय करू देते, मात्र वेगळा करार नसेल तर तो फर्मचे नाव वापरू शकत नाही आणि त्याच्या काळात फर्मशी व्यवहार करणाऱ्यांकडे काम मागू शकत नाही. शिवाय ठरावीक काळ किंवा ठरावीक भागात स्पर्धा न करण्याचा वाजवी करार भागीदारांमध्ये वैध ठरतो, कलम २७ असूनही. जुन्या फर्ममध्ये तुम्ही नेमक्या कोणत्या नात्याने होता हे आधी पाहा, आणि नव्या फर्मच्या करारनाम्यातले हे कलम वाचताना उद्या तेही सोडावे लागले तर पुण्यात काय करता येईल याचा विचार करा.

त्या दोघा अशिलांना माझ्या मते एवढेच सांगावे की मी अमुक तारखेला ही फर्म सोडते आहे, पुढे कोणाकडे जायचे हा निर्णय तुमचा आहे. तेही तुमच्या सध्याच्या भागीदारांना आधी कळवून. समाजमाध्यमांवर जाहीर करतानाही बार कौन्सिलचा नियम ३६ लक्षात असू द्यावा. वकिलाला जाहिरात करता येत नाही. संकेतस्थळावर नाव, पत्ता, सनदेचा तपशील, पात्रता आणि कामाचे क्षेत्र एवढे देता येते. मोठ्या व्यवहारांची यादी आणि अशिलांची नावे देऊन केलेली घोषणा मला त्या नियमात बसेल असे वाटत नाही, कितीही जण करत असले तरी.

हिशेबनीस

मी सीए आहे. करवकिलाला कर समजावण्याचे धाडस करत नाही, पण दुसऱ्याच्या कराचा विचार करणारी माणसे स्वतःचा हिशेब मागे टाकतात असा माझा अनुभव आहे, म्हणून थोडक्यात लिहितो.

बार कौन्सिलच्या नियम ४९ मुळे वकिली करणाऱ्याला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. त्यामुळे फर्ममधले वकील सल्लागार म्हणून काम करतात आणि १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम १९४जे खाली १० टक्के टीडीएस कापला जातो. भागीदार झालात की नफ्यातला वाटा कलम १०(२अ) खाली तुमच्या हातात करमुक्त असतो, कारण त्यावर फर्मने कर भरलेला असतो. भागीदाराचा मोबदला आणि भांडवलावरचे व्याज मात्र तुमचे व्यावसायिक उत्पन्न ठरते, आणि १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला २०,००० रुपयांवर ते गेले की फर्मला कलम १९४टी खाली १० टक्के कापावे लागतात. रक्कम हातात न देता भांडवली खात्यात जमा केली तरी कपात होते.

मोबदला कलम ४०(ब) च्या मर्यादेत बसवलेला आहे का, ते पाहा. पहिल्या ६ लाखांच्या पुस्तकी नफ्यावर ३ लाख किंवा ९० टक्के यांपैकी जे जास्त ते, आणि उरलेल्या नफ्यावर ६० टक्के, ही मर्यादा सर्व भागीदारांची मिळून आहे. त्यावरची रक्कम फर्मला वजा मिळत नाही. मोबदला मोजण्याची पद्धत करारनाम्यात लिहिलेली नसेल तर पूर्ण वजावटच जाण्याची भीती असते. नवव्या भागीदाराला घेताना जुना करारनामा तसाच ठेवून वर एक पुरवणी जोडण्याची पद्धत आहे, त्यात हे हमखास सुटते.

पहिल्या वर्षी हातात येणारी रक्कम अनियमित असेल. नफा वर्षअखेरीस वाटला जातो, पण आगाऊ कराचे हप्ते १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या तारखांना द्यावेच लागतात. तुम्ही पुण्याला घर बदलत असाल तर निदान आठ-दहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवून मगच जा. नवा विभाग पहिल्या वर्षात स्वतःचा खर्च भागवेल असे गृहीत धरू नये, आणि तो तोटा नऊ भागीदारांत कसा वाटला जाईल हे आधी लिहून घ्यावे.

अबोलीचा_गजरा

मी विधी महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षात आहे. धागा फार उपयोगी आहे. एक प्रश्न विचारते, कारण आम्हाला सतत सांगतात की एक काहीतरी निवडा, कंपनी कायदा किंवा कर. दोन्ही करणारा वकील खरोखर लागतो का?

कोर्टनाका

अबोली, तुम्ही वोडाफोनचे प्रकरण अभ्यासले असेल. ते कराचे प्रकरण म्हणून शिकवतात. एकदा ते खरेदीदाराच्या वकिलाच्या खुर्चीत बसून वाचा.

२००७ साली वोडाफोनच्या नेदरलँड्समधील कंपनीने केमन बेटांवरच्या एका कंपनीचा शेअर घेतला. तो विकणारी कंपनीही परदेशी होती. त्या एका शेअरमागे भारतातल्या हचिसन एस्सार या मोबाइल कंपनीतील सुमारे ६७ टक्के हितसंबंध होता आणि किंमत ११ अब्ज डॉलरच्या आसपास होती. कंपनी कायद्याच्या दृष्टीने तो परदेशातल्या एका कंपनीच्या शेअरची साधी विक्री होती. प्राप्तिकर खात्याने म्हटले की भांडवली नफा भारतातला आहे, आणि नफा विक्रेत्याचा असला तरी पैसे देताना कलम १९५ प्रमाणे कर कापायला हवा होता, तो कापला नाही म्हणून खरेदीदाराने भरावा. मागणी ११,००० कोटींच्या घरात होती. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१० मध्ये खात्याच्या बाजूने निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयाने २० जानेवारी २०१२ रोजी तो फिरवला. त्याच वर्षी संसदेने कोणते उत्पन्न भारतातले मानायचे हे ठरवणारे कलम ९ पूर्वलक्षी प्रभावाने बदलले, आणि तो पूर्वलक्षी भाग २०२१ साली मागे घेतला गेला. चौदा वर्षे.

आता सांगा, त्या शेअर खरेदी करारातले भरपाईचे कलम हे कंपनी कायद्याचे काम होते की कराचे? दुसऱ्याच्या नफ्यावरचा कर स्वतःच्या खिशातून द्यावा लागू शकतो हे ज्याला दिसते, तोच विक्रेत्याकडून हमी मागतो, किमतीचा भाग राखून ठेवतो, विमा घेतो. ज्याला दिसत नाही तो उत्तम इंग्रजीत अपुरा करार लिहितो.

दोन्ही विषयांत शेवटपर्यंत प्रावीण्य मिळवणे अवघड आहे हे खरे. एकात मुळे घट्ट रोवा आणि दुसऱ्यातला धोका ओळखता येईल इतके शिका. आणि तुम्ही फार चांगल्या वेळी येता आहात. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा प्राप्तिकर कायदा जाऊन ५३६ कलमांचा २०२५ चा कायदा लागू होतो. या धाग्यात आम्ही प्राप्तिकराच्या ज्या कलमांचे आकडे तोंडपाठ म्हणून दाखवतो आहोत ते जवळजवळ सगळे त्या कायद्यात बदलले आहेत. चाळीस वर्षे काम केलेला वकील आणि कालची विद्यार्थिनी ते पुस्तक एकाच दिवशी उघडतात. अर्थात १९६१ च्या कायद्यावरचे निकाल वाचल्याशिवाय नव्या कलमांचा अर्थ लागणार नाही, म्हणून जुने पुस्तक टाकून देऊ नका.

सप्तपर्णी

सर्वांचे मनापासून आभार. काल पुण्याला जाऊन भागीदारांशी तीन तास बोलले, तेवढे इथे नोंदवते.

तीन व्यवहारांचा प्रश्न विचारला. त्यांनी लगेच उत्तर दिले नाही, आपसात बोलले आणि मग सांगितले की तिन्हींपैकी दोन वेळा करविषयक मत टर्म शीटनंतर मागवले होते, आणि त्यातल्या एका व्यवहारात कारखान्याची घाऊक विक्री, म्हणजे सगळा उपक्रम एकाच ठोक रकमेला विकणे, हे करण्याऐवजी विभाजन केले असते तर अशिलाचा बराच कर वाचला असता. घाऊक विक्रीत कलम ५०ब प्रमाणे निव्वळ मूल्य वजा जाता उरलेला सगळा नफा करपात्र होतो, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर मोबदलाही वाजवी बाजारमूल्याने मोजावा लागतो. हे त्यांनी स्वतः होऊन सांगितले, याचा मला विश्वास वाटला. यापुढे कोणत्याही व्यवहाराच्या पहिल्या बैठकीला कर विभागातील एक व्यक्ती असेल, आणि त्या बैठकीचे वेगळे बिल अशिलाला लावले जाणार नाही, असे त्यांनी मान्य केले. बिलाचा मुद्दा मी मांडला, कारण वेगळे पैसे पडतात म्हटले की अशीलच 'सध्या नको' म्हणतो.

फर्म मर्यादित दायित्व भागीदारी आहे. करारनाम्यात नाव पहिल्या दिवसापासून येईल, किंवा तोवर 'भागीदार' हे पद छापले जाणार नाही, असे मी सांगितले. त्यांनी पहिला पर्याय निवडला. मोबदल्याची पद्धत पुरवणीत न ठेवता करारनामा नव्याने लिहिला जाईल. स्पर्धा न करण्याचे कलम दोन वर्षांचे होते, ते सहा महिन्यांवर आणि फक्त फर्मच्या चालू अशिलांपुरते आले. विम्याची प्रत पाहायला मागितली आहे, ती अजून आलेली नाही.

एक अनपेक्षित गोष्ट घडली. त्यांनी उत्साहाने सांगितले की माझ्यासाठी पहिले काम तयारच आहे, एका कुटुंबाच्या कारखान्याची दोन भावांत वाटणी. कारखाना काय बनवतो एवढे ऐकल्याबरोबर माझ्या लक्षात आले की दुसऱ्या भावाला माझी सध्याची फर्म सल्ला देते आहे आणि ते मत लिहिण्यात माझा हात आहे. मी त्यांना नाव सांगू दिले नाही, फक्त या कामात मला घेता येणार नाही, आणि तुमच्या लोकांनीही त्याविषयी माझ्यासमोर बोलू नये, एवढे सांगितले. कारण त्यांच्या लक्षात आले असावे. त्यांनी ती फाइल माझ्यासमोरून उचलून आत ठेवली. विभाग उभा करायचे पहिले काम मला करता येणार नाही याचे वाईट वाटले, पण ते काम बाहेरच्याच करवकिलाकडे राहील असे तिथल्या तिथे ठरले.

नोटीस मी सोमवारी देणार आहे. आधी माझ्या वरिष्ठांना प्रत्यक्ष भेटून सांगेन, पत्र त्यानंतर. टिपणांच्या तीन जाडजूड वह्या कपाटात आहेत, त्या त्यांच्याच हाती सोपवणार आहे.

भरतीओहोटी

वह्या सोपवताना पोच घ्या.

सप्तपर्णी

घेते.